टेक्नोतील खर्ज : घडण आणि बसवण

टेक्नो हा शब्द आपल्याकडे बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. यंत्राने वाजवलेले आणि ऐकणाऱ्यालाही यंत्र करून सोडणारे संगीत, अशी त्याविषयी समजूत आहे. त्यात शब्द नाहीत, ताना नाहीत; एक ठोका अखंड पडत राहतो आणि त्याच्याखाली काहीतरी घुमत राहते. प्रस्तुत लेख या खाली घुमणाऱ्या गोष्टीविषयी आहे. जाणकार तिला बेस म्हणतात. आपण तिला खर्ज म्हणू. शास्त्राप्रमाणे खर्ज म्हणजे षड्ज, हे मला ठाऊक आहे. पण जाड, खालच्या आवाजालाही आपण बोलताना खर्जच म्हणतो आणि इथे तोच अर्थ घ्यावा.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हर्ट्झ आणि डेसिबलच्या भानगडीत कशाला पडावे, असे एका मित्राने विचारले. मला वाटते, ज्याला आपण नुसता धडधडाट म्हणून सोडून देतो त्यात कान किती लागतो हे एकदा पाहायला हवे. माझे प्रतिपादन असे की, टेक्नोतला खर्ज घडवणे आणि तो इतर आवाजांत बसवणे ही दोन वेगळी कामे नाहीत. आधी एक भारदस्त आवाज तयार करावा आणि मग त्याला जागा शोधावी, या क्रमाने गेले की फसगत होते. जागा किती आहे यावरूनच आवाज घडवावा लागतो.

प्रथम थोडा इतिहास. टेक्नोचे माहेर अमेरिकेतील डेट्रॉईट. मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेले आणि त्या कारखान्यांबरोबरच ओसरत गेलेले हे शहर. तिथून सुमारे ५० किलोमीटरवरच्या बेलव्हिल या गावी शाळेत एकत्र असलेली तीन कृष्णवर्णीय मुले, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, या संगीताची आद्य मंडळी मानली जातात. अ‍ॅटकिन्सने रिचर्ड डेव्हिस याच्यासह ‘सायबोट्रॉन’ या नावाने १९८१ साली पहिली तबकडी काढली. १९८५ मध्ये ‘मॉडेल ५००’ या नावाने ‘नो यूएफओज’ काढली. १९८८ साली ब्रिटनमध्ये या मंडळींच्या रचनांचा एक संग्रह निघाला. त्याच्या शीर्षकात टेक्नो हा शब्द होता आणि तेव्हापासून तो रूढ झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, हे एकट्याने घरी बसून करण्याचे संगीत होते. अ‍ॅटकिन्सने आरंभी कॉर्ग कंपनीच्या एमएस-१० या लहानशा सिंथेसायझरवर ढोलाचे आवाजसुद्धा काढले. तेव्हा खर्ज वाजवणारा वादक निराळा, तो ध्वनिमुद्रित करणारा निराळा आणि सर्वांचा मेळ घालणारा निराळा, अशी वाटणी इथे मुळातच नव्हती.

आता आवाजाकडे वळू. सिंथेसायझर विजेच्या स्पंदनातून स्वर काढतो. त्या स्पंदनाची आकृती काढली तर कधी ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते, कधी चौकोनी, कधी गुळगुळीत लाटेसारखी. गुळगुळीत लाटेत मूळ स्वराखेरीज काही नसते. करवती लाटेत मूळ स्वर ५५ हर्ट्झचा असेल तर त्यावर ११०, १६५, २२०, २७५ असे सगळे उपस्वर चढत्या क्रमाने आणि उतरत्या जोराने हजर असतात. चौकोनी लाटेत एकाआड एक उपस्वर गळालेले असतात, म्हणून ती पोकळ वाटते, काहीशी क्लॅरिनेटसारखी. तंबोरा ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. खर्जाची तार नुसती घुमत नाही. जवारी चांगली लागली असेल तर त्या तारेतून वरचे कितीतरी स्वर आपोआप उमटतात. जवारी लावणारा कारागीर तारेखालचे सूत सरकवून हे उपस्वर उघडतो. सिंथेसायझरवर काम करणारा याच्या उलट दिशेने जातो. त्याच्याकडे करवती लाटेत सगळे उपस्वर आधीच उघडे असतात आणि तो ते झाकत जातो. या झाकणाऱ्या यंत्रणेला फिल्टर म्हणतात. फिल्टरची मर्यादा ३०० हर्ट्झवर ठेवली तर ५५ हर्ट्झच्या स्वराचे पहिले पाच घटक सहज पार होतात आणि वरचे क्रमाक्रमाने दबतात. आवाज जाड आणि अंधारा होतो. मर्यादा वर नेली की तो उजळतो, किरकिरतो.

परंतु नुसता झाकलेला आवाज निर्जीव वाटतो. प्रत्येक स्वराबरोबर हे झाकण क्षणभर उघडून पुन्हा मिटले पाहिजे. स्वर सुरू होताना मर्यादा हजार हर्ट्झपर्यंत उसळते आणि दीड-दोनशे मिलिसेकंदांत खाली बसते. तारेवर नखी पडली की आधी टणत्कार आणि मग घुमारा येतो. तसाच हा प्रकार. ही चढ-उतार आखून देणाऱ्या भागाला एन्व्हलप म्हणतात, आणि माझ्या मते खर्जाचा सगळा स्वभाव लाटेच्या आकारापेक्षा या भागातच असतो. नवशिके लाटा बदलत बसतात.

इथे वेळेचा हिशेब करून पाहावा. मिनिटाला १३० ठोके, ही टेक्नोची नेहमीची गती धरली तर दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४६१ मिलिसेकंद मिळतात. ठोक्याचे चार भाग केले तर एका भागाला ११५. आता ५५ हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन पुरे व्हायला १८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका छोट्या स्वराच्या वाट्याला जेमतेम सहा आवर्तने येतात! एवढ्यात कानाला स्वर ओळखायचा असतो. म्हणूनच टेक्नोचा खर्ज फार स्वर घेत नाही. एक-दोन स्वरांवरच रेंगाळतो. ऐकणारा त्याला कंटाळवाणा म्हणतो, परंतु इतक्या खाली भरभर स्वर बदलले तर चिखल होईल. याच हिशेबातून आणखी एक बारकावा निघतो. प्रत्येक स्वर लाटेच्या वेगवेगळ्या बिंदूपासून सुरू झाला तर सहा आवर्तनांच्या या अल्पजीवी स्वराचा आरंभ दर वेळी निराळा ऐकू येतो, एक ठोस तर दुसरा लेचापेचा. म्हणून खर्जाची लाट दर स्वराला आरंभबिंदूवर परत आणून ठेवतात. मात्र आवाज शून्य वेळात उघडला तर ‘टक्’ असा खटका येतो. दोन-तीन मिलिसेकंदांची सवड दिली की तो जातो. कधीकधी तो खटकाच हवा असतो, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्यात एका यंत्राची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाची चंदेरी पेटी बाजारात आणली. तादाओ किकुमोतो या अभियंत्याची ती रचना. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला मागे बेस-गिटारची साथ मिळावी, हा तिचा हेतू. परंतु तिचा आवाज बेस-गिटारसारखा मुळीच नव्हता आणि तिच्यात स्वर भरणे मोठे किचकट होते. सुमारे दहा हजार नग तयार झाले आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळू लागली, तेव्हा ती तरुण पोरांच्या हाती आली. शिकागोच्या ‘फ्युचर’ या त्रिकुटाने १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या रचनेत एकच स्वरमाला चालू ठेवली आणि पेटीची बटणे फिरवत राहिले. फिल्टरची मर्यादा आणि तिच्या टोकाशी असलेला अनुनाद वर-खाली करता करता तो खर्ज चिवचिवू, रडू आणि गुरगुरू लागला. शिकागोचे संगीत हे काटेकोर अर्थाने टेक्नो नव्हे, ते हाउस. पण हा आवाज लवकरच टेक्नोतही आला आणि तिथेच राहिला.

या पेटीत दोन गोष्टी विशेष आहेत. एक म्हणजे आघात. एखाद्या स्वरावर आघात दिला की तो नुसता मोठा होत नाही, त्याचा फिल्टरही जास्त उघडतो. आणि लागोपाठ आघात दिले तर हे उघडणे साचत जाऊन आवाज चढत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे घसरण. दोन स्वरांमध्ये पुन्हा आघात न होता एक स्वर दुसऱ्यात ओघळतो. तबलजी डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन घुमारा वर ओढतो, ते ज्याने लक्ष देऊन ऐकले असेल त्याला ही घसरण परकी वाटणार नाही. योगायोग असा की, ही पेटी मुंबईत फार लवकर वाजली. चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरवी, ललत, यमन, मालकंस इत्यादी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरने वाजवून एक तबकडी काढली. तीत टीबी-३०३ होती, टीआर-८०८ ही ठोक्यांची पेटी होती आणि वरचा राग ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर होता. तबकडी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले की शिकागोच्या आधी पाच वर्षे हे मुंबईत कसे? कोणी त्यांना या संगीताचा जनक ठरवून टाकले. मला ते पटत नाही. तिथल्या मंडळींनी ही तबकडी ऐकून काही केलेले नाही, आणि सिंग यांच्या रचनेत खर्ज रागाची साथ करतो, स्वतः नायक होत नाही. पण स्वर ओघळता ठेवावा, हे त्यांच्या कानाला लगेच सुचले ही गोष्ट मला थोरवीच्या दाव्यापेक्षा मोलाची वाटते. सिंग २०१५ मध्ये वारले.

दुसरा प्रसिद्ध खर्ज डेट्रॉईटचाच. सॉन्डरसनने १९८८ साली ‘रीस’ या टोपणनावाने ‘जस्ट वॉन्ट अनदर चान्स’ ही रचना काढली. तिच्यातला खर्ज कॅसिओच्या सीझेड-५००० या सिंथेसायझरवर केलेला आहे आणि आजही त्याला ‘रीस बेस’ म्हणतात. त्याची युक्ती सोपी आहे : तोच स्वर दोनदा घ्यायचा आणि त्यांपैकी एक किंचित बेसूर करायचा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा केसभर हलल्या तर त्यांच्यात जे आंदोलन ऐकू येते तेच इथे मुद्दाम आणतात. दोन स्वर ५५ आणि ५५.५ हर्ट्झचे असतील तर दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. इथे घडण आणि बसवण यांचा संबंध स्पष्ट दिसतो. हे फुगणे-ओसरणे वरच्या उपस्वरांत सुंदर लागते, पण तळाशी ते अनर्थ करते. ओसरण्याच्या क्षणी मूळ स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि रचनेचा पायाच निखळतो. म्हणून शहाणी माणसे बेसूर जोडीतला १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकतात आणि तिथे एकच गुळगुळीत लाट ठेवतात. ऐकणाऱ्याला एक आवाज वाटतो. प्रत्यक्षात दोन मजले असतात.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. टेक्नोत खर्जाचा प्रतिस्पर्धी म्हणजे किक, अर्थात ढोलाचा ठोका. टीआर-९०९ या पेटीचा ठोका वरच्या स्वरावरून झर्रकन उतरून ५० हर्ट्झच्या आसपास स्थिरावतो. खर्जाचे घरही तिथेच. एकाच खोलीत दोघांनी राहायचे, असा हा प्रश्न आहे. दोघे एकाच वेळी वाजले आणि त्यांच्या लाटा उलट सुलट असल्या तर त्या एकमेकींना खातात, जुळल्या तर इतक्या फुगतात की बाकी सगळे दबते. इथे आवाज वाढवून काही साधत नाही. पहिला उपाय लयीचा : खर्ज ठोक्यावर ठेवूच नये, दोन ठोक्यांच्या मध्ये ठेवावा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय हाच, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. दुसरा उपाय स्वराचा : किकचा स्वर कोणता आहे ते ऐकून खर्ज त्याच्याशी संवादी ठेवावा, किक खाली असेल तर खर्जाचा जोर ९०-१०० हर्ट्झकडे सरकवावा, किंवा याच्या उलट करावे. तिसरा उपाय साइडचेन या नावाने ओळखला जातो. खर्जावर कॉम्प्रेसर बसवतात, पण त्याला आज्ञा किक देते : ठोका पडला की खर्ज आपोआप दबतो आणि मग वर येतो. किती वेळात वर यावे हा कळीचा मुद्दा आहे. ४६१ मिलिसेकंदांच्या अंतरात तो दोनशेच्या सुमारास पूर्ववत झाला तर चाल मोकळी राहते. पुढच्या ठोक्यापर्यंत रेंगाळला तर सगळी रचना दम लागल्यासारखी हापते. काहींना तेच आवडते.

तळाचा आवाज डाव्या-उजव्या बाजूंना पसरू नये, मध्यभागी एकच ठेवावा, असा एक दंडक आहे. तो तबकडीच्या काळातला. दोन बाजूंना उलट जाणारा जाड आवाज खोबणीत कोरला की सुई वर-खाली उडते आणि खोबण सोडू शकते. आज तबकडी कोणी कोरो न कोरो, दंडक टिकून आहे, कारण पुष्कळ नृत्यगृहांत खर्जाच्या मोठ्या पेट्या दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवल्या जातात. पसरलेला खर्ज तिथे स्वतःलाच खाऊन टाकतो.

इथवर आवाजाची बाजू झाली. पण खरी अडचण ऐकणाऱ्याच्या कानात आणि खोलीत आहे, आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्याला ती सर्वांत जास्त भोवते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगाने दाखवले की, आवाज हळू असताना माणसाचा कान खालच्या स्वरांना फार कमी दाद देतो. हजार हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका ऐकू येतो तितकाच ५० हर्ट्झचा ऐकू यायचा असेल तर त्याला ३० डेसिबलांहून अधिक जोर जास्त द्यावा लागतो. आवाज मोठा केला की ही तफावत कमी होते. याचा अर्थ, रात्री शेजारी झोपले असताना हळू आवाजात बसवलेला खर्ज सकाळी मोठ्या पेटीवर अंगावर येणार.

खोलीचेही तसेच. ५५ हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वासहा मीटर, म्हणजे वीस फुटांहून अधिक. दहा फुटी खोलीत, आपल्या वसतिगृहाच्या खोल्या साधारण तेवढ्याच, समोरासमोरच्या भिंतींमध्ये नेमकी ५६ हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून राहते. भिंतीला पाठ लावून बसले तर खर्ज दुप्पट, खोलीच्या मधोमध उभे राहिले तर गायब. माझे वडील मंडप आणि लाउडस्पीकरच्या कामावर मजुरीने जातात. शाळा त्यांनी चौथीतच सोडली. पेटी भिंतीला टेकवली की ‘धरते’ आणि कोपऱ्यात सारली की ‘गुरगुरते’, हे ते मला लहानपणापासून सांगत आले. भिंत लाट परत फेकते आणि परतलेली लाट मूळ लाटेत मिळून जोर वाढवते, हे त्याचे कारण मी आपल्या ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचले. पुस्तकात आकडा होता, वडिलांच्या सांगण्यात तो नव्हता. बाकी फरक नव्हता. मात्र त्यांच्याच धंद्यातल्या हल्लीच्या एका रिवाजाविषयी मला बोलावेसे वाटते. मिरवणुकीत पेट्यांच्या भिंती उभ्या करून जो दणका देतात, त्यात तळ नुसता वाढवलेला असतो. खिडक्या थरथरतात पण स्वर कळत नाही. तो खर्ज मोठा असतो, घडवलेला नसतो.

ज्याच्याकडे पेट्या नाहीत आणि फक्त मोबाइल आहे, त्याने काय करावे? मोबाइलच्या इवल्या पडद्यातून ५५ हर्ट्झ निघतच नाहीत. पण ११०, १६५ आणि २२० ऐकू आले तर आपले मन त्यांच्या अंतरावरून न वाजलेला ५५ पुरा करून घेते. हा चमत्कार खोटा नाही, तपासून पाहण्यासारखा आहे. म्हणून खर्जाला थोडी ‘सॅच्युरेशन’ देतात, म्हणजे लाट किंचित चेपून तिच्यातून नवे उपस्वर काढतात; पुन्हा जवारीचेच काम. नुसत्या गुळगुळीत लाटेचा खर्ज मोबाइलवर शांत राहतो आणि त्याच रचनेला चेपलेली लाट दिली की चाल ऐकू येते. घडवण्यासाठी ‘व्हायटल’ किंवा ‘सर्ज’ हे सिंथेसायझर संगणकावर विनामूल्य मिळतात. ३०३ पेटीसाठी कोणी कर्ज काढू नये.

शेवटी एका अलीकडच्या पद्धतीचा उल्लेख करतो, कारण तिच्यात माझा मुद्दा टोकाला गेला आहे. गेल्या दशक-दीड दशकातल्या पुष्कळ टेक्नोत खर्जाचे वाद्य असे नसतेच. किकची एक नक्कल घेतात, तिला मोठ्या दालनातल्यासारखा लांब घुमारा देतात, १२० हर्ट्झच्या वरचे बहुतेक सगळे झाकतात, थोडी चेपतात, दोन्ही बाजू एकत्र करतात आणि मूळ किक पडली की ती दबेल अशी साइडचेन लावतात. दोन ठोक्यांमध्ये जी दुमदुम उरते तीच त्या रचनेचा खर्ज. ती किकमधूनच निघते, म्हणून किकचा स्वर वरच्या सुरावटीशी जुळत नसेल तर तळही बेसूर होतो आणि तो मागाहून दुरुस्त करता येत नाही. किक ४९ हर्ट्झची निघाली तर तो जवळजवळ पाश्चात्य स्वरक्रमातला जी होय. बाकीचे स्वर मग त्याला धरून लावावे लागतात. घुमारा किती लांब ठेवायचा हे पुन्हा त्या ४६१ मिलिसेकंदांवरच ठरते. घुमारा आखूड ठेवला तर दोन ठोक्यांमध्ये भोक पडते. लांब ठेवला तर एका ठोक्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर पडते.

— द्वितीय वर्ष कला